साक्षीदार खरं बोलतोय, तरी निर्दोष माणूस आत कसा?

प्रश्न: नमस्कार. निर्दोष माणूस कित्येक वर्षांनी जेलमधून सुटला अशी बातमी वाचली की मला वाटायचं कुणीतरी मुद्दाम खोटी साक्ष दिली असणार. पण आता वाचलं की बऱ्याच केसेसमध्ये साक्षीदार प्रामाणिकच असतो. मग चूक होते कुठे? आणि गुन्हा केलाच नाही तर माणूस कबुली कशी काय देतो, हे तर मला अजिबात पटत नाही.

उत्तर: तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, आणि मला तर तेच जास्त भयंकर वाटतं, कारण खोटारडा माणूस उलटतपासणीत कधी ना कधी सापडतो, पण मनापासून चुकणारा सापडत नाही, त्याचा आवाजच कापत नाही ना.

अमेरिकेतली रोनाल्ड कॉटनची केस बघा. १९८४, नॉर्थ कॅरोलिना. अत्याचार झालेल्या तरुणीनं त्याही अवस्थेत हल्लेखोराचा चेहरा नीट बघून ठेवला होता, पुढे याला पकडून द्यायचंच असं ठरवून. तिनं आधी फोटोंमधून कॉटनला निवडलं, मग ओळख परेडमध्येही त्यालाच, आणि नंतर तिला सांगितलं गेलं की फोटोतला माणूस हाच होता. झालं, जी काही शंका होती ती तिथंच संपली. कोर्टात ती ठाम होती. १९८७ मध्ये खटला पुन्हा चालला तेव्हा खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला, तर ती म्हणाली याला मी कधी पाहिलंच नाही! १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली तेव्हा कॉटन सुटला, दहा वर्षं जेलमध्ये काढून. तिचं एक वाक्यही खोटं नव्हतं हो, पण आठवण दर वेळी थोडी नव्यानं तयार होते, त्यात दुसऱ्यांनी सांगितलेलं मिसळतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्यांच्या केसेस पाहिल्या तर साधारण दोन तृतीयांशांमध्ये चुकीची ओळख हे एक कारण आहेच.

यावर उपाय तसे साधे आहेत. परेड घेणाऱ्या पोलिसालाच संशयित कोण हे माहीत नसावं, म्हणजे नकळत इशारा जायचा प्रश्नच नाही. गुन्हेगार यात कदाचित नसेलही हे साक्षीदाराला आधीच सांगावं. आणि तो किती खात्रीनं बोलला ते त्याच क्षणी लिहून घ्यावं, कोर्टात वर्षभरानं दिसणारी खात्री काही कामाची नाही.

कबुलीचं म्हणाल तर जपानचे इवाओ हाकामाता आठवतात. पूर्वी बॉक्सर होते. १९६६ मध्ये अटक झाली, रोज सरासरी बारा तास चौकशी, अशी जवळपास तीन आठवडे, तेव्हा कबुली दिली आणि कोर्टात मागे घेतली, तरी १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झालीच. २०१४ ला बाहेर आले आणि निर्दोष ठरले २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, तेव्हा कोर्टानं पुरावा बनावट होता असंही म्हटलं. इतके दिवस झोप नाही, कुणी ऐकून घेत नाही, मग माणसाला फक्त ती खोली संपवायची असते, पुढे कोर्टात खरं कळेलच असं त्याला वाटतं. म्हणून चौकशीचं पहिल्या मिनिटापासून रेकॉर्डिंग हवं, नुसत्या कबुलीजबाबाचं नाही.

प्रश्न: पण एक्सपर्ट असतात, वर अपील असतं. एवढ्या चाळण्यांतून चूक निसटते कशी?

उत्तर: एक्सपर्टही माणूसच. इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांची दोन बाळं गेली, त्यांच्यावरच बाळांच्या खुनाचा खटला झाला, आणि त्यात एका नामवंत डॉक्टरांनी सांगितलं की अशा घरात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा एका मृत्यूच्या शक्यतेला त्याच शक्यतेनं गुणून काढलेला, जणू दोन भावंडांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, आनुवंशिक कारण असूच शकत नाही! १९९९ मध्ये जन्मठेप झाली. सुटका २००३ मध्ये, तीही दुसऱ्या अपिलात, एका बाळाचे जंतुसंसर्गाबद्दलचे रिपोर्ट बचाव पक्षाला दिलेच नव्हते हे उघड झाल्यावर. त्या २००७ मध्ये वारल्या.

आणि अपिलात बहुतेक वेळा सगळा खटला परत चालत नाही, खालच्या कोर्टात कायद्याची किंवा प्रक्रियेची चूक झाली का हे मुख्यतः बघतात. साक्षीदार प्रामाणिकपणे चुकला असेल तर कागदावर सगळं नीटच दिसतं, मग नवा पुरावा लागतो, आणि तो जेलमध्ये बसून शोधायचा कसा? इंग्लंडमध्ये १९९७ पासून यासाठी स्वतंत्र आयोग आहे जो केस परत तपासून अपील कोर्टाकडे पाठवू शकतो. तोही चुकलाय, उशीरही केलाय, पण निदान दार ठोठवायला जागा आहे, माझ्या मते ती प्रत्येक देशात पाहिजे.

प्रश्न: उद्या मलाच साक्ष द्यायची वेळ आली तर?

उत्तर: जे पाहिलं ते लगेच, कुणाशी बोलायच्या आधी, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा, अंधार होता, लांबून पाहिलं, हे सगळं त्यात येऊ दे. बाकीच्या साक्षीदारांशी त्यावर चर्चा नको, बातम्यांतले फोटोही बघू नका. आणि ओळख पटत नसेल तर "नाही सांगता येत" एवढंच सांगा, कितीही वेळा विचारलं तरी.