१४ हजाराचं इंजिनकाम करू की हप्त्यावर नवीन गाडी घेऊ?

कोरेगावच्या एका दादांचा लांबलचक मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. गाडी स्प्लेंडर, २०१७ चं मॉडेल, ६२ हजार किलोमीटर पळालेली, रोज साताऱ्याच्या एमआयडीसीत अपडाऊन, जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर. आता पिकअप पडलाय, सकाळी चालू करताना थोडा धूर येतो, ॲव्हरेज ६० वरून ४५ वर आलंय. एक गॅरेजवाला म्हणतो इंजिन बांधायला लागेल, १४ हजार. दुसरा म्हणतो नुसता कार्बोरेटर साफ करू, ८०० द्या. शोरूमवाला म्हणतो दोघांचं ऐकू नका, जुनी २२ हजाराला घेतो, नवीन ९२ हजार ऑनरोड, राहिलेल्या ७० हजाराला तीन वर्षं फायनान्स, 'फक्त ८ टक्के'. पगार २४ हजार, पतसंस्थेचा ४,२०० चा हप्ता आधीच चालू. आणि मेसेजच्या शेवटी लिहिलंय, 'सर खरं सांगायचं तर कुठल्याच मेस्त्रीवर विश्वास बसत नाही, म्हणून नवीनच घ्यावी म्हणतोय.'

दादा, सगळ्या मेसेजमधलं हे शेवटचं वाक्यच तुम्हाला महागात पडणार आहे, पण आधी त्या ८ टक्क्याचं बघू.

शोरूमवाला सांगतोय तो फ्लॅट रेट. ७० हजाराचे ८ टक्के म्हणजे वर्षाला ५,६००, तीन वर्षांचे १६,८००, एकूण फेड ८६,८०० आणि हप्ता २,४११ रुपये. आता तुम्ही दर महिन्याला थोडं थोडं मुद्दल फेडत असता, तिसऱ्या वर्षी त्यांचे ७० हजार तुमच्याकडे नसतातच, तरी व्याज मात्र पूर्ण ७० वर लावलेलं. बँक जसं घटत्या मुद्दलावर लावते तसं मोजलं तर हे साडेचौदा टक्क्याच्या आसपास जातं. गंमत बघा, हेच कर्ज कुणी १२ टक्के रिड्युसिंगनं, म्हणजे घटत्या मुद्दलावर, दिलं तर हप्ता २,३२५ बसतो, म्हणजे ऐकायला १२ जास्त वाटतं आणि खिशातून कमी जातं. म्हणून टक्के विचारायचे नाहीत, हप्ता गुणिले महिने प्लस प्रोसेसिंग फी किती ते विचारायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं. आणि 'जीएसटी कमी झालाय, आत्ताच उचला' असं म्हणत असतील तर ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, तो सरकारी दर आहे, शोरूमची रविवारपर्यंतची ऑफर नाही.

आता खरा हिशोब. नुसता २,४११ चा हप्ता एका बाजूला आणि १४ हजार दुसऱ्या बाजूला ठेवून 'बघा रिपेअर किती स्वस्त' असं मी म्हणणार नाही, ते पण अर्धवट आहे, कारण तीन वर्षांनी नवीन गाडीला काहीतरी किंमत राहील. धरू ५० हजार. तुमची जुनी २२ ची गेली आणि ८६,८०० फेडले, मिळून १,०८,८००, त्यातून ५० वजा केले तर ५८,८००, म्हणजे महिन्याला साधारण १,६३०. जुनी ठेवली तर १४ हजाराचं काम, वर तीन वर्षांत तिची किंमत २२ वरून १२ वर आली असं धरू, झाले २४ हजार, महिन्याला ६७० च्या आत. जुन्या गाडीला जास्तीची किरकोळ कामं निघतात त्याचे तीनशे टाका, तरी हजाराच्या आत. फरक महिना साडेसहाशेचा. तुमच्या पगारात लहान नाही, पण डोंगराएवढाही नाही, हे मोकळेपणानं सांगतो. पण दोन हप्ते मिळून ६,६०० च्या वर जाणार, २४ हजारातले पाव पगारापेक्षा जास्त, आणि एखाद्या महिन्यात ओव्हरटाईम नसला की तिथं फास बसतो. मला ते नको वाटतंय.

आणि हा सगळा हिशोब त्या १४ हजारावर उभा आहे, तो आकडा खरा की खोटा हेच तुम्हाला माहीत नाही. एक ८०० म्हणतो, एक १४,०००. म्हणजे तुम्ही दुचाकी घेत नाही आहात, 'मला कळत नाही' याचे ८६ हजार भरताय. बरं नवीन घेऊन तरी मेस्त्री सुटतो का? तुमची बीएस-४ आहे (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम), कार्बोरेटरवाली, कुठल्याही गावातला फिटर पान्यानं उघडून बघू शकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या, सेन्सरच्या, त्याला स्कॅनर लागतो. आज ना उद्या मेस्त्री शोधावाच लागणार, तेव्हा तर त्याला जास्त शिकलेला शोधावा लागेल.

विश्वास का बसत नाही ते मला चांगलं कळतं. मी पण फसलोय. साताऱ्यातल्याच एका गॅरेजात (नाव राहू दे) चेन-सॉकेट नवीन टाकलं म्हणून पैसे घेतले, मी पण खुशीत दिले, घरी येऊन गाडी स्टँडवर लावली आणि मागच्या सॉकेटवर चेन बोटानं मागं ओढून बघितली तर अर्धा दात उघडा दिसला. नवीन चेन अशी निघत नसते, दाताला चिकटून बसते. जुन्याच चेनला ऑइल मारून चकाचक करून बसवलेली. तेव्हापासून गाडी देताना बायकोच्या नेलपॉलिशचा एक ठिपका आतल्या बाजूनं लावतो, चेनला, ब्रेक शूला, फिल्टरच्या डब्याला. बायको हसते, हसू दे.

पण एक गोष्ट मेस्त्र्यांच्या बाजूनं पण सांगतो, माझ्या धंद्यात रोज कमिशनचाच खेळ बघतो म्हणून कळते. आपण त्याची मजुरी तोडतो. तीन तास वाकून काम केलं, ३०० मागितले, की आपण म्हणतो २०० घे. मग तो १०० कुठून काढणार? पार्टमधून. दुकानदाराकडून कट असतो, किंवा कंपनीच्या खोक्यात लोकल माल. म्हणून माझा साधा नियम, मजुरी सांगेल ती द्यायची, वर पन्नास द्यायचे, आणि पार्ट स्वतः स्पेअरच्या दुकानातून बिलावर आणायचे. ऑइल पण स्वतः आणा, ९०० एमएलची बाटली येते, १०डब्ल्यू-३०, त्यावर जासो एमए (JASO MA, दुचाकीच्या ऑइलची खूण) लिहिलंय ते बघा. गाडीचा क्लच तेलातच बुडालेला असतो, चारचाकीचं ऑइल टाकलं की क्लच सरकायला लागतो, आणि मग पिकअप गेला म्हणून परत कुणीतरी इंजिन उघडायला सांगतं.

शोधायचा कसा? मोबाईलवरचे स्टार बघू नका. कोरेगाव रोडला पहाटे साडेपाचला उभे राहा. मागं दोन्ही बाजूला कॅन लटकवलेल्या गाड्या जातात ना, त्या दूधवाल्यांना विचारा कुणाकडं काम करता. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर दूध नासतं तो माणूस वाईट मेस्त्रीकडं दोनदा जात नाही. कुरियरची पोरं, पेपर टाकणारे, हे पण चालतील. तिघांनी एकच नाव घेतलं तर तिकडं जा.

आणि गेल्या गेल्या इंजिन देऊ नका. आधी ऑइल बदलायला द्या, नाहीतर टॅपेट सेटिंग (व्हॉल्वची फट जुळवणं), आणि तिथंच स्टुलावर बसा. टॅपेट गरम इंजिनवर करायला लागला तर चहा प्या आणि निघा, ते थंड इंजिनवरच करतात. माझा सध्याचा मेस्त्री पहिल्या दिवशी ऑइल काढल्यावर दोन बोटांत चोळून मला दाखवत म्हणाला, 'मेटल नाही यात, अजून दोन वर्षं काही करू नका.' धंदा समोर आलेला असताना नको म्हणाला. मी तिथंच ठरवलं.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर धूर फक्त सकाळी येतो आणि मग जातो, हे ऐकून मला व्हॉल्व सीलचा (व्हॉल्वजवळ तेल रोखणारं रबर) संशय येतोय, बोअर-पिस्टनचा (पिस्टन आणि तो ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) नाही. पिस्टनच्या रिंग गेल्या की धूर दिवसभर येतो, ॲक्सिलरेटर पिळला की निळा. मी काही मेस्त्री नाही, पण एवढं नव्या मेस्त्रीला विचारा. हेड (इंजिनचा वरचा भाग, व्हॉल्व असतात तो) उघडायचंच असलं तर टप्प्यानं द्या, 'हेड उतरवलं की फोन कर, मी येतो, बोअर मला दाखव, तोपर्यंत पुढं हात लावू नको.' १४ हजार एकदम कबूल करायचे नाहीत, ॲडव्हान्स सामानापुरता, जुने पार्ट पिशवीत घालून घरी.

अगदी बोअर निघालाच आणि १४ लागलेच, तरी मी म्हणेन करा, वरचा हिशोब तेच सांगतो. मात्र चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) वेल्डिंग असेल किंवा गिअरबॉक्स पण आवाज करत असेल तर थांबा, मग आकडा परत मांडू. रजिस्ट्रेशन तुमचं २०३२ पर्यंत आहे, घाई नाही.

पैसे कुठून? ॲव्हरेज ६० चं ४५ झाल्यानं तुम्ही महिना हजार किलोमीटरला साडेपाच लिटर जास्त जाळताय, १०५ चा भाव धरला तर पावणेसहाशे रुपये. ते वाचायला लागले की बँकेत ५०० ची आरडी काढा, गाडीच्या नावानं. भिशीत टाकू नका, भिशी उचलली की मोबाईल येतो, अनुभव आहे.

या रविवारी एवढंच करा, प्लग काढून घ्या, टोकाचा फोटो उजेडात काढून मला पाठवा. काळा पण कोरडा असेल तर तो ८०० वाला बरोबर असू शकतो, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरवर भागेल. ओला तेलकट असेल तर हेडचं काम निघणार, मग आपण बोलू. तोपर्यंत शोरूमच्या कुठल्याही फॉर्मवर सही नको, आणि आधार-पॅनची झेरॉक्स दिली असेल तर त्यावर तारीख आणि 'फक्त चौकशीसाठी' लिहिलंय का बघा, नसेल तर परत मागा.