साकेबद्दल तुमचे प्रश्न: तो आकडा, ते अल्कोहोल आणि शोकेसमधली बाटली

दिवाळी जवळ आली, जपानमधली आपली मंडळी सुट्टीला घरी यायला लागली की माझ्या इनबॉक्समध्ये तेच ते प्रश्न येतात, फक्त बाटलीचा फोटो बदलतो. एकेकाला वेगळं लिहून कंटाळलो, म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच. मी किकिझाकेशी आहे, म्हणजे साके चाखून कोणाला कुठली चालेल ते सुचवणारा माणूस. डॉक्टर नाही आणि कस्टम्सवालाही नाही, हे धरून वाचा.

साके म्हणजे जपानी व्होडकाच ना? (नाशिक)

नाही. व्होडका डिस्टिल करतात, साके तांदूळ आंबवून बनते आणि बाटलीत साधारण 15-16 टक्के अल्कोहोल असतं. जपानी डिस्टिल्ड दारू हवी असेल तर शोचू घ्या.

लेबलवर 70, 50, 23 असे आकडे असतात. दुकानदार म्हणाला आकडा जितका कमी तितकी साके भारी. खरंय का? (पुणे)

अर्धं खरंय, आणि अर्ध्या खऱ्यावरच धंदा चालतो. तो आकडा म्हणजे सेइमाईबुआई, तांदूळ घासून झाल्यावर किती टक्के दाणा उरला ते. 70 म्हणजे 30 टक्के घासून काढला, 23 म्हणजे 77 टक्के काढला. बाहेरच्या थरात प्रोटीन आणि फॅट जास्त असतं, ते राहिलं की चव जड होते आणि फळांसारखा वास दबतो, म्हणून गिंजो या वरच्या दर्जाला 60 किंवा कमी आणि त्याहून वरच्या दाईगिंजोला 50 किंवा कमी असा नियमच आहे. इथपर्यंत तुमचा दुकानदार बरोबर. पण पुढे तो आकडा चवीपेक्षा खर्चाबद्दलच जास्त सांगतो. जितकं जास्त घासाल तितका तांदूळ जास्त लागतो, मिल दिवस-दिवस चालते, किंमत चढते आणि मार्केटिंगवाल्यांना आयतं कोलीत मिळतं. मियागीतल्या एका ब्रुअरीने तर 1 टक्क्याच्याही खाली घासून दाखवलंय, कारागिरी म्हणून सलाम, पण माशाच्या जेवणासोबत मला विचाराल तर मी 80 टक्केवाली यामाहाई, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेली साके, गरम करून घेईन आणि उरलेल्या पैशात अजून दोन बाटल्या आणेन. जुनमाईला, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेल्या साकेला, आधी 70 ची मर्यादा होती, ती 2004 मध्ये काढली, आता 80-90 चे प्रयोगही मिळतात आणि त्यातले काही झकास आहेत. आकडा बघून घेऊ नका, दुकानात आधी काय खाणार आहात ते सांगा आणि मग विचारा.

जुनमाई लिहिलेलं नसेल तर त्यात वरून अल्कोहोल घातलेलं असतं म्हणे. म्हणजे भेसळच की! (निशिकासाई, तोक्यो)

भेसळ नाही हो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी बोलायला तोंड उघडलं तरी कळतं. होनजोझो नावाचा प्रकार आणि जुनमाई न लिहिलेल्या गिंजो, दाईगिंजो यांत तांदळाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत न्यूट्रल अल्कोहोल घालायला परवानगी असते, आणि ते गाळायच्या आधी घालतात. वास देणारे घटक पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त विरघळतात, त्यामुळे ते चोथ्यात अडकून न राहता साकेत उतरतात, चवही हलकी होते. 1911 पासून चालू असलेल्या नव्या साकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत गोल्ड घेणाऱ्यांत अशा दाईगिंजो भरपूर असतात. बदनामी झाली ती युद्धानंतरच्या सानझोशूमुळे, तेव्हा तांदूळच नव्हता तर अल्कोहोल, साखर, ग्लुटामेट घालून एकाची तिप्पट करायचे. तिला 2006 च्या कायदाबदलात साकेच्या व्याख्येतून बाहेर काढलं. त्या जुन्या पापाचं खापर आजच्या दाईगिंजोवर कशाला?

लेबलवर +5 लिहिलंय. गोड का कोरडी? (औरंगाबाद)

प्लस म्हणजे कोरडीकडे, मायनस म्हणजे गोडाकडे. पण आम्लता जास्त असेल तर गोड साकेसुद्धा कोरडी लागते, म्हणून बाजूचा 'सांदो'चा, म्हणजे आम्लतेचा, आकडाही बघा.

मुलगा 19 वर्षांचा आहे, ओसाकात शिकतो. जपानमध्ये आता 18 ला सज्ञान, मग ब्रुअरीत चाखायला हरकत नाही ना? (सोलापूर)

हरकत आहे. एप्रिल 2022 पासून सज्ञान व्हायचं वय 18 झालं, दारूचं 20 च राहिलंय.

आम्ही चौघं मित्र घरी वेगवेगळ्या साके तुलना करून प्यायचं ठरवतोय. कुठल्या घ्याव्यात, क्रम काय, ग्लास कुठला? (योकोहामा)

शेवटी कोणीतरी कामाचं विचारलं.

बहुतेक लोक करतात काय, तर सहा वेगळ्या गावच्या, सहा वेगळ्या प्रकारच्या बाटल्या मांडतात, आणि शेवटी 'ती निळी बाटली मस्त होती' यापलीकडे हाती काही लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. एकाच ब्रुअरीची जुनमाई आणि जुनमाई गिंजो शेजारी ठेवा. किंवा एकाच ब्रुअरीच्या दोन, एक यामादा निशिकी तांदळाची, दुसरी ओमाचीची. पाण्याचा फरक बघायचा असेल तर कोबेजवळच्या नादाची एक आणि क्योतोच्या फुशिमीची एक घ्या, नादाचं मियामिझू पाणी मिनरल्सवालं, त्यात यीस्ट जोरात काम करतं आणि साके टणक, कोरडी होते, फुशिमीचं पाणी त्यामानाने मऊ आणि साकेही मऊ. हिरोशिमाची मिळाली तर तिसरी ठेवा, तिथल्या मिउरा सेनझाबुरो यांनी अगदी मऊ पाण्यात साके बनवायची पद्धत 1898 मध्ये छापून सगळ्यांना देऊन टाकली, स्वतःपुरती ठेवली नाही, नाहीतर हिरोशिमाचं नाव कोणी घेतलं नसतं.

ग्लास सगळ्यांना सारखा, बस. जमलं तर एक किकिचोको आणा, पांढरा चिनीमातीचा कप, तळाला दोन निळी वर्तुळं असतात. साके ओतून वरून बघा, निळ्या रेघेची कड धारदार दिसली तर साके स्वच्छ, पुसट दिसली तर धुरकट, आणि पांढऱ्या भागावर पिवळट झाक लगेच कळते. मग वास घ्या, गिंजोत सफरचंद आणि केळं हे दोन वास सापडले तर तुमचं नाक ठीक आहे, त्यासाठी कवी व्हायची गरज नाही. मग चमचाभर तोंडात, जिभेवर फिरवा, थोडी हवा आत ओढा, नाकाने सोडा, आणि थुंका. हो, थुंका. प्रत्येकाला 30 मिली पुरे, कमी वासाच्या आधी, जास्त वासाच्या नंतर, निगोरी, म्हणजे दुधाळ गढूळ साके, आणि जुनी मुरवलेली कोशू अगदी शेवटी. फ्रिजमधून काढल्या-काढल्या चाखू नका, थंडीत दोषही लपतात आणि गुणही, 15-20 डिग्रीपर्यंत येऊ द्या. बाटल्या पेपरात गुंडाळून नंबर टाका, आणि प्रत्येकाने बोलायच्या आधी लिहायचं, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत सगळ्यांचं होतं. परफ्यूम, उदबत्ती, आधी मिसळ, सगळं बंद. जितकी साके तितकं पाणी. आणि बाटल्या निवडताना चार चांगल्या साके द्या असं मोघम न सांगता कुठला फरक बघायचाय ते दुकानदाराला सांगा, चांगला दुकानदार खूश होईल.

2019 मध्ये मेव्हण्याने जपानहून दाईगिंजो आणली होती. वाइनसारखी मुरेल म्हणून शोकेसमध्ये जपून ठेवलीय, पुढच्या वर्षी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायचा विचार आहे. चालेल ना? (ठाणे)

अहो ताई, नाही चालणार. आणि तुम्ही एकट्या नाही, ठाणे-डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत प्रत्येक शोकेसमध्ये गणपतीशेजारी अशी एक बाटली उभी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो, रागावू नका.

बहुतेक साके मुरण्यासाठी बनवलेलीच नसते. ब्रुअरी तिला हवं तेवढं मुरवते आणि 'आता प्या' या स्थितीत बाहेर काढते. लेबलवर एक्स्पायरी नसते म्हणून लोक समजतात की कधीच खराब होत नाही, तिथे असते ती बाटलीत भरल्याची तारीख, आणि 2023 पासून तीसुद्धा छापणं ऐच्छिक झालंय, त्यामुळे तुम्हाला काही कळायला मार्गच उरला नाही. साधी पाश्चराइज केलेली साके थंड, अंधाऱ्या जागी ठेवून साधारण वर्षभरात प्यावी. नामा, म्हणजे पाश्चराइज न केलेली, कायम फ्रिजमध्ये आणि काही महिन्यांत.

आता तुमचं शोकेस. पहिला शत्रू उजेड. साके उन्हात काही तास राहिली तरी रंग आणि वास बिघडतो, ट्यूबलाइटचा उजेड हळूहळू तेच करतो. तपकिरी बाटली थोडं वाचवते, पारदर्शक आणि निळी काहीच नाही, पण गिफ्टला दिसायला सुंदर म्हणून नेमक्या त्याच विकल्या जातात. जपानमध्ये चांगल्या दुकानात बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दिसतात ते उगाच नाही. दुसरा शत्रू उष्णता. ठाण्याचा मे महिना तिने पाच-सहा वेळा काढलाय, हापूसची पेटी तुम्ही गाडीच्या डिकीत आठवडाभर ठेवाल का? उष्णतेने गंधकाचा एक घटक तयार होतो आणि बाटलीतून मुळ्याच्या लोणच्यासारखा वास येतो, त्याला हिनेका म्हणतात. दाईगिंजोचा तो नाजूक सफरचंदाचा वास, ज्याचे मेव्हण्यांनी पैसे मोजले, तो कधीच गेला असणार.

आणि तिसरा शत्रू आपला स्वभाव. चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, मग तो दिवस पुरेसा चांगला नाही म्हणून अजून ठेवायची. कोशू म्हणून मुद्दाम वर्षानुवर्षं मुरवलेली साके असते, गिफूची दारुमा मासामुने त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण त्यासाठी साके वेगळी निवडतात आणि तापमानावर लक्ष ठेवतात. शोकेसमध्ये विसरली म्हणजे कोशू झाली असं होत नाही.

मग आता काय? फेकू नका. या रविवारी उघडा, वास घ्या. नुसती पिवळी आणि मधासारखी झाली असेल तर ती पाश्चराइज केलेली साके बहुधा बिघडलेली नाही, म्हातारी झालीय, 45 डिग्रीला गरम करून बघा, नाहीतर माशाच्या सारात घाला. स्वच्छ साके होती आणि आता ढगाळ झालीय, आंबूस वास येतोय, तर चाखू नका, ओतून द्या. शंका असेल तर लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो आणि बाटलीचा उजेडातला फोटो पाठवा, बघून सांगतो. वाढदिवसाला नवीन बाटली घ्या, आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये उभी ठेवून दोन आठवड्यांत संपवा.

साके गरम प्यायची की थंड? (कोल्हापूर)

दोन्ही. गिंजो-दाईगिंजो 10-15 डिग्रीला, जुनमाई आणि जुन्या पद्धतीच्या किमोतो, यामाहाई 40-45 ला, तोक्कुरी, म्हणजे साकेची छोटी सुरई, गरम पाण्यात बुडवून. रेस्टॉरंटमध्ये न विचारता वाफाळती आणून ठेवली तर मात्र बाटली दाखवा म्हणा, जिभेला चटका बसला की स्वस्त काय आणि शिळी काय, काही कळत नाही, आणि हे त्यांना चांगलं माहीत असतं.

साके तांदळाची आणि नैसर्गिक, त्यामुळे डायबेटिसला चालते असं व्हॉट्सअॅपवर वाचलं. वडिलांना थोडी देऊ का? (सातारा)

व्हॉट्सअॅपवर वाचलंत ना, मग तिथेच डिलीट करा. 100 मिलीत साधारण 4-5 ग्रॅम कार्ब असतात आणि एका 'गो'मध्ये, म्हणजे 180 मिलीत, जवळजवळ 22 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर अल्कोहोलने शुगर धोकादायक खाली येऊ शकते, तेही रात्री झोपेत. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, औषधांची यादी घेऊन विचारा, आणि तोवर थेंबही नको. फॅटी लिव्हर, बीपी, प्रेग्नन्सी असे बाकीचे जे प्रश्न आलेत त्या सगळ्यांनाही हेच उत्तर.

येताना नामा साके आणू का? (चिंचवड)

नका आणू. विमानतळ, टॅक्सी, मग घर, इतका वेळ ती गरमच राहणार. दोनदा पाश्चराइज केलेली आणा. ड्यूटी-फ्री मर्यादा 2 लिटरची, म्हणजे एक 1.8 लिटरची मोठी बाटली किंवा 720 मिलीच्या दोन, पण निघायच्या आधी कस्टम्सचा चालू नियम स्वतः तपासा.

डिसेंबरमध्ये तोक्योत आहे, चाखायला एकच दिवस मिळेल. कुठे जाऊ? (पणजी)

जोएत्सु शिनकान्सेनने एचिगो-युझावा, तोक्योहून सव्वा-दीड तास. स्टेशनातच पोनशुकान आहे, भिंतभर मशीन, त्या निइगाता प्रांतातल्या ब्रुअऱ्यांच्या साके, टोकन टाकायचं आणि छोटा कप भरून घ्यायचा, तोंडी लावायला वेगवेगळी मीठं आणि मिसो, म्हणजे सोयाबीनची खारट पेस्ट. निइगाताची साके बहुतेक हलकी, कोरडी असते, त्यामुळे पहिले दोन-तीन कप सगळे सारखेच वाटतील, घाई करू नका, वर सांगितलंय तसं एकच गोष्ट बदलत जा. रिकाम्या पोटी नको. परतीचं तिकीट आधी काढून ठेवा, आणि भाड्याची गाडी घेऊन जाणार असाल तर ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याने त्या दिवशी फक्त मिसो खायचा.