ॲनिमेशनपटांत एकटेपणा आणि वाळीत पडणं संवादाशिवाय कसं दाखवतात?

तुम्हाला लघुपटात एकट्या पडलेल्या मुलाची गोष्ट सांगायची आहे, तीही संवादांशिवाय. मग रडवेल्या चेहऱ्याचा नाद आधी सोडा. एकट्या पडलेल्या मुलाला जग कसं दिसतं, ते काढा.

दिग्दर्शिका नाओको यामादाचा 'अ सायलेंट व्हॉइस' (2016) यासाठी शॉट थांबवून थांबवून बघावा. शोया शाळेत शोको या कर्णबधिर मुलीला छळतो, पाच महिन्यांत तिची आठ श्रवणयंत्रं जातात. प्रकरण अंगाशी आल्यावर सगळा वर्ग नामानिराळा होतो आणि शोयाच वाळीत पडतो. पुढे किशोरवयात त्याला आसपासच्या चेहऱ्यांवर फुल्या दिसतात. कुणी जवळ आलं की त्या एकाचीच फुली गळते, आणि भांडण झालं की ती परत चिकटते! म्हणजे नात्यांची चढउतार एका खुणेवर वाचता येते. कॅमेराही सारखा पायांवर, कारण शोया मान वर करतच नाही. संगीतकार केन्सुके उशिओच्या पियानोत सुरांबरोबर वाद्याच्या आतली खटखटही ऐकू येते.

'ॲनोमलिसा'त (2015) युक्ती उलटी आहे. नायक आणि लिसा सोडून सगळ्यांना एकच चेहरा, एकच आवाज. गर्दीत राहूनही माणूस एकटा कसा, ते एका फटक्यात कळतं.

नाकारलं जाणं मात्र हालचालीतून दाखवावं लागतं. 'डम्बो'त (1941) मोठ्या कानांचं पिल्लू जवळ येताच हत्तिणी पाठ फिरवतात. आत शिरायला फट होती आणि ती मिटली, हे दिसलं पाहिजे. नुसतं कोपऱ्यात बसवलेलं पात्र लाजाळूही असू शकतं. (कान उडायला उपयोगी पडल्यावरच डम्बो सगळ्यांना हवासा होतो, हा तोडगा मला खटकतो. तुमच्या मुलाला शेवटी चमत्कार करायला लावू नका.)

आता प्रत्यक्ष काम. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर घोळका एकदम हसू द्या आणि मुलाचं हसू 8 ते 10 फ्रेम उशिरा आणा. 3-4 फ्रेमचा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि 20 च्या पुढे गेलात तर तो विनोद होतो. शांत शॉट लांब ठेवा, पण एकच चित्र 72 फ्रेम तसंच राहिलं तर फिल्म अडकल्यासारखी वाटते. श्वासाची बारीक हालचाल किंवा एखादी पापणी तरी हलू द्या.

पाऊस, निळा रंग, व्हायोलिन हे तिन्ही एकदम वापरलं की काहीच पोचत नाही. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी लावा. आधी शेजारच्या खोलीतलं हसणं घ्या आणि फिल्टरने त्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी कापा. भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटलं, की बऱ्याचदा संगीताची गरजच उरत नाही.