सोबत धावणारे दादा आणि वहिनी, पण हृदयाच्या धमन्या निराळ्या का?

ताई, दारव्ह्याकडच्या आपल्या गावात दादा आणि वहिनी दोघेही वर्षानुवर्षे पहाटे सोबत धावत असताना नागपूरच्या तपासणीत दादांचा कॅल्शियम स्कोअर (स्कॅनमध्ये हृदयधमन्यांत दिसणाऱ्या कॅल्शियमचे मोजमाप) वाढलेला आणि वहिनींचा शून्य कसा आला, आणि दादांनी आता धावणे सोडावे काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते धावणे सोडण्याचे कारण नाही. मात्र तपासणी पुढे न्यायलाच हवी.

हृदयाचा स्नायू विश्रांतीतही रक्तातला सुमारे 70 ते 80 टक्के प्राणवायू काढून घेतो. म्हणून धावताना वाढलेली गरज मुख्यतः रक्तप्रवाह वाढवूनच भागते आणि जोराच्या श्रमात तो चार-पाच पट होतो. सरावाने धमन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करते, त्यामुळे त्या सहज रुंदावतात. बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकणारे क्लॅरेन्स डीमार कर्करोगाने गेले, तेव्हा शवविच्छेदनात त्यांच्या हृदयधमन्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद आढळल्या. तो अहवाल 1961 साली प्रसिद्ध झाला.

स्त्रीची सुरुवातच वेगळी असते. शरीराचा आकार जमेस धरला तरी तिच्या हृदयधमन्या पुरुषापेक्षा बारीक असतात, आणि पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यांच्या अस्तराला जपते. लंडनच्या संशोधकांनी 2017 साली हृदयविकाराचा धोका कमी असलेले 152 प्रौढ धावपटू व सायकलपटू तपासले. त्यातील 44 टक्के पुरुषांच्या धमन्यांत चरबी व कॅल्शियमचे थर (प्लाक) आढळले, तर व्यायाम न करणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण 22 टक्के होते. 300 च्या वर कॅल्शियम स्कोअरही फक्त खेळाडू पुरुषांतच, त्यांच्यातील 11 टक्क्यांत, निघाला. स्त्रियांत खेळाडू आणि इतर यांच्यात असा लक्षणीय फरक दिसला नाही. तुमच्या घरातल्या दोन अहवालांचे चित्र याच्याशी जुळते.

मात्र खेळाडू पुरुषांचे थर बहुतांशी कॅल्शियमने घट्ट झालेले होते, आणि असे थर मऊ, मिश्र थरांपेक्षा फुटण्याची शक्यता कमी असते. यावरून दादांनी निर्धास्त होऊ नये, कारण 2023 साली बेल्जियममधील अभ्यासात आयुष्यभर व्यायाम करणाऱ्या पुरुषांत मऊ थरही आढळले. दादांनी हृदयरोगतज्ज्ञांना अहवाल दाखवावा, कोलेस्टेरॉल, बीपी व साखर तपासावी, गोळ्या लिहून दिल्यास “मी तर धावतो” म्हणून टाळू नयेत, आणि ट्रेडमिल चाचणी होईपर्यंत वेगाचा सराव थांबवून संथ गतीने धावावे. खर्रा खात असतील तर तो आजच सुटला पाहिजे. तंबाखूने बिघडलेले अस्तर धावण्याने भरून निघत नाही.

वहिनींची मला अधिक काळजी वाटते, कारण शून्य स्कोअर पाहून घरचे निश्चिंत होतात. त्या तपासणीत मऊ थर दिसत नाहीत, आणि स्त्रियांत अधिक आढळणारा अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दोषही दिसत नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरते. नेहमीच्या अंतरावर दम लागू लागला, तर आपल्याकडच्या बायकांत फार आढळणारी रक्ताची कमतरता आधी तपासावी, पण हृदयाची तपासणी त्यामुळे लांबवू नये; आणि छातीत दडपण, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, घाम असे काही झाल्यास गॅसची गोळी देऊन वाट न पाहता 108 ला फोन करून लगेच ईसीजी काढावा.