कडप्प्याला ‘काळा संगमरवर’ म्हणावे का?

कोल्हापूरच्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी घेतलेल्या कडप्प्याला दुकानदार ‘काळा संगमरवर’ म्हणतो, ते बरोबर आहे का? आणि ‘संगमरवर’ या शब्दात ‘संगम’ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. या शब्दाचा संगमाशी काही संबंध नाही. फारसीत ‘संग’ म्हणजे दगड. आपल्याकडील ‘संगीन’, म्हणजे दगडी, भक्कम, हा शब्दही त्याच कुळातला. ‘मरमर’ची परंपरा थेट ग्रीकपर्यंत जाते. हिंदीने ‘संगमरमर’ तसाच ठेवला, मराठीत मात्र दुसऱ्या ‘म’चा ‘व’ झाला. ‘नाम’चे ‘नाव’ आणि ‘ग्राम’चे ‘गाव’ करणाऱ्या भाषेला हे वळण परके वाटू नये.

पहिल्या प्रश्नाला मात्र खडकाची घडण पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. भूविज्ञानात संगमरवर हा रूपांतरित खडक आहे. त्याचे मूळ चुनखडकात असते. हा चुनखडक जमिनीत खोल गाडला गेला किंवा तप्त शिलारसाच्या शेजारी सापडला, की उष्णता आणि दाब यांमुळे तो न वितळता, घन अवस्थेतच, त्यातील कॅल्साइट या खनिजाचे बारीक कण नव्याने वाढतात, मोठे होतात आणि एकमेकांत घट्ट गुंततात. या फेरमांडणीत मूळचे थर आणि शंखशिंपल्यांचे अवशेष बहुधा पुसले जातात. ‘रूपांतर’ हा शब्द येथे अगदी नेमका बसतो, कारण शुद्ध चुनखडकात द्रव्य जवळजवळ तेच राहते आणि बदलते ती त्याची रचना.

कोल्हापूरकरांना ही रचना ओळखण्यासाठी नवा शब्द शोधायला नको. चांगल्या गुळाची ढेप फोडल्यावर आत जो कण दिसतो, त्याला आपण ‘रवाळ’ म्हणतो. संगमरवराची ताजी तुटलेली कड तशीच रवाळ असते आणि उजेडात फिरवली की तिचे कण चमकतात. कडप्प्याची तुटलेली कड पाहिली तर ती मंद आणि एकसारखी दिसते, नुसत्या डोळ्यांना कण वेगळे करता येत नाहीत. आंध्र प्रदेशातून येणारा हा दगड चुनखडकच आहे. त्याचे रूपांतर झालेले नाही. शहाबादी फरशीही चुनखडकाचीच, ती कर्नाटकातली.

लिंबाच्या रसाची परीक्षा येथे कामाला येत नाही. दोन्ही दगडांत कॅल्साइट असल्याने आम्ल दोघांनाही खाते, पॉलिश उतरते आणि डाग राहतो. कठीणपणाही साधारण सारखाच: मोहसच्या मापावर कॅल्साइट 3 वर येते, म्हणजे नखाने ओरखडा पडत नाही पण सुरीने सहज पडतो. म्हणून ओट्याला ग्रॅनाइट घेणारे लोक शहाणे, असे माझे मत आहे.

दुकानदाराची बाजूही मांडली पाहिजे. पॉलिश घेणाऱ्या चुनखडकालाही संगमरवर म्हणण्याची दगडबाजारात जुनी रीत आहे, आणि कार्बनी द्रव्यामुळे काळा झालेला अस्सल संगमरवरही असतो. त्यामुळे चूक ‘काळा’ या विशेषणात नाही. पण ज्या दगडाला ‘कडप्पा’ हे रुळलेले नाव आहे, त्याला मोठे नाव देण्यात ग्राहकाची दिशाभूल होण्याचा संभव असतो. पावतीवर ‘कडप्पा’च लिहून घ्यावे.

अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड पाहूनही काही जण संगमरवराची आठवण काढतात. तो बेसाल्ट आहे, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला अग्निजन्य खडक. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हाने दख्खनचे पठार घडवले, त्याच जातीचा हा दगड असून आम्ल टाकले तरी तो फसफसत नाही. त्याच्यासाठी ‘काळा पाषाण’ किंवा ‘काळा कातळ’ हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेतच. ‘संगमरवरी’ हे विशेषण पांढऱ्या मूर्तींसाठी राखून ठेवावे.