वाचलेलं डोक्यात राहत नाही, मॅडम

"चार-चार तास पुस्तक घेऊन बसते, पण डोक्यात काहीच राहत नाही. मला डिप्रेशन आलंय का?" कॉलेजातली मुलं-मुली हे मला सतत विचारतात. उत्तरादाखल एका मुलीची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. गाव मराठवाड्यातलं, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. मोबाइलवर लक्षणं वाचून डिप्रेशनच आहे, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. मी विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस?" ती गोंधळली. सकाळी चहा-बिस्किट. दुपारी मेसचा डबा, तोही मैत्रिणीबरोबर अर्धा-अर्धा. रात्री जागायचं म्हणून अकराला परत चहा, झोप अडीचला. जिना चढताना धाप लागते, पाळीत खूप रक्त जातं, हे तर विचारल्यावरच कळलं. मनाच्या त्रासाशी त्याचा काय संबंध, असं तिला वाटत होतं.

संबंध होता. डॉक्टरांकडे पाठवलं, तर हिमोग्लोबिन निघालं ८.४, बाईला ते किमान १२ लागतं. रक्त कमी असलं की थकवा येतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि वरून पाहिलं तर ती उदासीच वाटते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह अंगी कमी लागतं, जेवणात लिंबू पिळलं की जास्त, हेही समजावलं.

पण डबा अर्धा का? ते पुढे कधीतरी बाहेर आलं. वडिलांनी उसनवारी करून फी भरली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "त्यांच्या पैशावर पोटभर जेवायची लाज वाटते." इथे गोळ्यांचं काम संपतं. यावर आम्ही बरंच बोललो. शेवटी तिनं वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, उपाशी राहायला पाठवलं का तुला?" त्या दिवसापासून डबा पूर्ण झाला. हळूहळू झोपही बाराच्या आत आली. परीक्षेची धास्ती अजून आहे, त्यासाठी ती येत राहते.

प्रत्येकाच्या उदासीमागे रक्तच कमी असतं असं नाही. दोन आठवडे सतत मन खचलेलं असेल, तर तपासण्यांबरोबर समुपदेशकालाही भेटा. जगू नये असं वाटत असेल, तर मात्र थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं.