प्रश्न तुमचे : ॲपवर बारा गुण आले, म्हणजे काय?

प्रश्न : आईचं वय ५८. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तिने नऊ प्रश्नांची चाचणी दिली. १२ गुण आले आणि खाली लाल अक्षरांत ‘मध्यम नैराश्य’. आई म्हणते, थकवा आहे, बाकी काही नाही. खरं कोणाचं धरायचं? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : आधी बारा कशाकशाचे झाले ते पाहा. ही ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली. मागच्या दोन आठवड्यांत त्रास किती दिवस झाला, त्यावर गुण असतात : अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २७ पर्यंत जाते आणि ५, १०, १५, २० या तिच्या रेघा : तिथून अनुक्रमे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्य सुरू होतं.

समजा आईंचे गुण असे आहेत : झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २, कशात रस न वाटणं १, उदास वाटणं १. झाले बारा. पण रस न वाटणं किंवा उदासी, या पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाला तरी २ किंवा ३ असल्याशिवाय मूळ नियमाप्रमाणे ‘मेजर डिप्रेशन’ची, म्हणजे नैराश्याच्या आजाराची, शंकाही घेत नाहीत. ॲप मात्र नुसती बेरीज करून रंग देतं. झोप, थकवा आणि भूक थायरॉइडने, रक्त कमी असल्याने किंवा साखर वाढल्यानेही बिघडतात. तेव्हा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), साखर आणि बी-१२ तपासून घ्या आणि नऊ उत्तरांचा स्क्रीनशॉट फॅमिली डॉक्टरांना दाखवा. नुसता आकडा सांगू नका.

आता एक हिशोब. २००१ साली ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली तेव्हा १० च्या रेघेवर नैराश्य असलेल्या १०० पैकी ८८ जण सापडले आणि नसलेल्या १०० पैकी ८८ बरोबर वगळले गेले. ऐकायला झकास. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (मध्य प्रदेशही त्यात होता) नैराश्य त्या घडीला २.७ टक्के प्रौढांना होतं. म्हणजे १००० जणांनी ॲप उघडलं, तर २७ आजारी आणि त्यातले २४ सापडतील. उरलेल्या ९७३ मधले १२ टक्के, म्हणजे ११७ जण, विनाकारण रेघेवर जातील. लाल अक्षरं १४१ जणांना, खरी २४ जणांची. डॉक्टरकडे येणाऱ्यांत आजारी मुळातच जास्त असतात, म्हणून तिथे हीच प्रश्नावली बरी चालते.

अपवाद फक्त नवव्या प्रश्नाचा, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही असलं, तर बेरीज बाजूला ठेवा. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, नाहीतर ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा. धोका लगेचचा वाटला तर ११२ किंवा थेट आपत्कालीन विभाग.

प्रश्न : आमचं महिला मंडळ मानसिक आजाराविषयी व्याख्यान ठेवतंय. लोकांची मतं बदलली का, हे आधी आणि नंतर फॉर्म भरून घेऊन पाहायचं आहे. प्रश्न कसे काढावेत? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ‘मानसिक रुग्णांना समान वागणूक मिळावी असं वाटतं का?’ हा प्रश्न पहिला खोडा. त्याला सगळ्या बायका हो म्हणतील, व्याख्यानाआधीही, नंतरही. शिवाय आपल्याकडे ‘मानसिक आजार’ म्हटलं की डोळ्यांपुढे बाणगंगेचं मनोरुग्णालय येतं. एकीच्या मनात उदास जाऊबाई, दुसरीच्या मनात रस्त्यावर बडबडणारा माणूस, आणि फॉर्मवर खूण दोघींची सारखीच.

त्यापेक्षा आजाराचं नाव न घेता चार ओळींत माणूस उभा करा. ‘३४ वर्षांची शिक्षिका. तीन आठवडे पहाटे तीनला जाग येते. स्टाफरूममध्ये गप्प बसते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळी न सोडता तसाच पडलाय. घरच्यांना म्हणते, माझ्याने काही होत नाही.’ मग विचारा : हिला हळदीकुंकवाला बोलवाल? वरची खोली भाड्याने द्याल? मुलाला हिच्याकडे शिकवणीला पाठवाल? हिच्या धाकट्या बहिणीचं स्थळ भावासाठी पाहाल? उत्तरं ‘नक्की हो’पासून ‘नक्की नाही’पर्यंत पाच. संशोधक याला सामाजिक अंतर म्हणतात. नातं जवळ येतं तसे नकार वाढतात, म्हणून स्थळाचा प्रश्न गाळू नका. खरं तिथेच कळतं. एकदोन वाक्यं उलटी ठेवा (‘हिला टाळलेलंच बरं’), म्हणजे सरसकट हो-हो करणाऱ्या ओळखता येतील.

फॉर्मवर नाव नको. आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस एवढी खूण पुरे, त्यावरून आधीचा आणि नंतरचा कागद जुळतो. गूगल फॉर्म वापरलात तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. कागद घडी घालून डब्यात टाकायचा. शेजारणीच्या मांडीवर ठेवून भरलेला फॉर्म शेजारणीचंच मत सांगतो.

टाळ्या थांबता थांबता भरलेल्या फॉर्मात बदल नेहमीच दिसतो. तो पाहुण्यांचा मान असतो. खरा फॉर्म सहा ते आठ आठवड्यांनी घ्या. साठ जणींनी आधी भरला आणि नंतर ४१ आल्या, तर तुलना त्याच ४१ जणींची करा. ६० च्या सरासरीशी नको, कारण न आलेल्या बहुधा कंटाळलेल्याच असतात. आणि ४१ मध्ये दोघींनी मत बदललं की जवळजवळ पाच टक्के होतात, तेव्हा टक्के न छापता माणसं छापा. जमलं तर व्याख्यान न ऐकलेल्या दुसऱ्या मंडळाकडूनही तोच फॉर्म दोनदा भरून घ्या.

पीएचक्यू-९ या फॉर्मात घालू नका. कोणी नवव्या प्रश्नावर खूण केली, तर निनावी डब्यातून तुम्ही तिला शोधणार कशा?

व्याख्यानाबद्दलही सांगतो, विचारलं नसलं तरी. ‘मेंदूतल्या रसायनांचा असमतोल’ एवढंच ऐकवलं की लोक रुग्णाला दोष देणं कमी करतात, पण ही काही बरी व्हायची नाही, अशी समजूत वाढते. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हेच दिसलं. मानसिक आजाराच्या कलंकावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये सर्वांत परिणामकारक मार्ग सांगितला तो ओळखीचा : आजार सोसलेल्या माणसाशी समोरासमोर गप्पा. तेव्हा तज्ज्ञांना वीस मिनिटं द्या आणि उरलेला वेळ अशा व्यक्तीला, जी स्वखुशीने बोलेल.

प्रश्न : ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेलं ॲप घ्यावं का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : चार गोष्टी विचारा. माणसं किती? दिवस किती? तुलना कशाशी? शेवटपर्यंत टिकले किती? ‘वोबॉट’ या गप्पा मारणाऱ्या ॲपची गाजलेली चाचणी २०१७ ची. ७० तरुण, दोन आठवडे, आणि दुसऱ्या गटाला वाचायला एक ई-पुस्तक. नैराश्याचे गुण उतरले हे खरं, पण एवढ्यावरून साठीतल्या काकांना वर्षभराने काय होईल ते कळत नाही. (ते ॲप जून २०२५ मध्ये बंदही झालं.) २०१९ मध्ये ९३ मानसिक आरोग्य ॲप्सचा प्रत्यक्ष वापर मोजला, तेव्हा पंधराव्या दिवशी ॲप उघडणारे जेमतेम ४ टक्के उरले होते. पलीकडे कोणी माणूस आठवड्याला एक फोन करणार असेल, तर ॲप टिकतं आणि उपयोगही जास्त होतो. तसं ॲप असेल तरच वर्षाचे पैसे एकदम भरा.

प्रश्न : मुलीचं लग्न व्हायचंय. फोनवरून सल्ला घेतला तर नोंद कुठे जाईल? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, तज्ज्ञ ही माहिती सोयऱ्यांना देऊ शकत नाही. खाजगी कंपन्यांबाबत जपून राहा. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याचा ठपका आला आणि २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ७८ लाख डॉलर भरायला लावले.

पण आपल्या घरांत गुपित फुटतं ते बहुतेक फोनवरूनच. लॉक असलेल्या स्क्रीनवर ‘आज मूड कसा आहे?’ अशी सूचना झळकते, बाबांच्या यूपीआयच्या यादीत क्लिनिकचं नाव दिसतं, घरच्या सामाईक ईमेलवर पावती येते. म्हणून सूचनेतला मजकूर लपवा, मुलीचा ईमेल वेगळा ठेवा, कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी देऊ नका. सुरुवातीला टेली मानस पुरे : १४४१६, फुकट, २४ तास, एकूण २० भाषा, त्यात मराठीही आहे. बोलणं झालं की कॉल लॉगमधून नंबर काढून टाकायला मुलीला सांगा, आणि फोन तिचा तिलाच लावू द्या.